कबड्डी खेळते, सबब निर्दोष

वसईजवळच्या उमेळ्यात आम्ही घर घेतलं तेव्हा इमारतीच्या फाटकाशी एक कोरडं कारंजं होतं. बिल्डरने सगळ्यांना सांगितलं होतं, "नगरपालिकेचं पाणी आलं की कारंजं सुरू." पाणी काही येत नव्हतं. टँकर येत होता, आणि टँकरचं पाणी कारंज्यात उडवायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सोसायटीची सभा भरली. बिल्डरने फसवलं, यावर सर्वांचं एकमत झालं. मग तिसऱ्या मजल्यावरचे चव्हाण माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही कॉलेजात लॉजिक शिकवता. तुम्ही सांगा, वचन मोडलं की नाही?"

मी म्हटलं, "नाही मोडलं."

मी समजावून सांगितलं. पाणी आलं आणि कारंजं सुरू झालं नाही, तरच वचन मोडलं. पाणी आलंच नाही, तर वचन मोडायची वेळच आली नाही. आमच्या पुस्तकाच्या हिशेबाने बिल्डरचं विधान खरं आहे, आणि पाणी येईपर्यंत ते खरंच राहणार.

"म्हणजे तुम्ही बिल्डरच्या बाजूने?" चव्हाणांनी विचारलं.

"मी सत्यता कोष्टकाच्या बाजूने."

त्यानंतर सोसायटीच्या कुठल्याही सभेत मला कोणी काही विचारलं नाही. तर्कशास्त्राचा मला झालेला हा पहिला प्रत्यक्ष फायदा.

चव्हाणांचा राग मात्र रास्त होता, आणि माझं अर्धं आयुष्य त्या रागाचा अभ्यास करण्यात गेलं आहे. 'जर असं, तर तसं' या विधानाचं आमच्या क्रमिक पुस्तकात एक कोष्टक असतं. 'जर'चा भाग खरा आणि 'तर'चा भाग खोटा असेल तेवढं एक सोडून बाकी प्रत्येक वेळी विधान खरं. 'जर'चा भाग खोटा असेल, तर पुढे काहीही बोला. 'वसई हिमालयात असेल तर मी पोप आहे' हे विधान पुस्तकाप्रमाणे खरं. वसई हिमालयात नाही, मामला संपला. वसईचा हिमालयाशी, हिमालयाचा पोपशी आणि पोपचा माझ्याशी काही संबंध आहे का, हे कोष्टक विचारत नाही. त्याला फक्त खरं-खोटं कळतं, नातं कळत नाही.

हे नातं असलंच पाहिजे, असं म्हणणारे तर्कशास्त्रज्ञही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात एवढंच, की एखादी गोष्ट दुसरीतून निघते असं म्हणायचं असेल, तर पहिलीचा दुसरीत काहीतरी हात असला पाहिजे. दोन्ही योगायोगाने खऱ्या असून भागत नाही. शिवाय हे लोक आणखी एक गोष्ट मान्य करत नाहीत. पुस्तकी तर्कशास्त्रात दोन परस्परविरोधी विधानं एकत्र आली की त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं. आता वसईत चर्चच्या नोंदवहीत एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, अशी माणसं शेकड्याने सापडतील. पुस्तकाप्रमाणे त्यातून चंद्र वसईच्या खाडीत पडल्याचं सिद्ध व्हायला हवं. तहसील कचेरीतला कारकून मात्र तसं काही सिद्ध करत नाही. तो म्हणतो, "प्रतिज्ञापत्र आणा." गोंधळ तारखेचा आहे, तो तारखेपुरताच राहतो. हा कारकून न शिकता या पंथाचा आहे.

याच विषयावर मी एम.फिल.चा प्रबंध लिहिला. मार्गदर्शकांनी वाचला, बाहेरच्या परीक्षकांनी बहुधा वाचला. नंतर वसईतल्या एका कॉलेजात मला नोकरी लागली आणि मी इमानेइतबारे बी.ए.च्या मुलांना तेच कोष्टक शिकवायला लागले ज्याच्याविरुद्ध मी प्रबंध लिहिला होता. अभ्यासक्रमात ते होतं, प्रबंध नव्हता.

आमच्याकडे तर्कशास्त्र घेणारी मुलं दोन प्रकारची. एक, ज्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की हा विषय गणितासारखा मार्क देतो. दुसरी, ज्यांचं मानसशास्त्र वेळापत्रकात बसत नाही. पहिल्या प्रकारातला एक मुलगा मला आजही आठवतो. परीक्षेआधी तो स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, एक युक्तिवाद आहे. मी पास होणार असेन तर पास होणारच. नापास होणार असेन तर नापास होणारच. मग अभ्यास कशाला?"

"मग हॉल तिकीट कशाला न्यायला आलास?" मी विचारलं.

त्याला हे उत्तर पटलं नाही, म्हणून पुढच्या तासाला मी तोच युक्तिवाद फळ्यावर घेतला. शक्य आणि अटळ यांचंही एक तर्कशास्त्र आहे, ते असं अभ्यासक्रमाच्या फटीतूनच शिकवावं लागतं. 'नापास होणार असशील तर नापास होशील' हे सबंध वाक्य अटळ आहे, कारण त्यात काहीच सांगितलेलं नाही. त्यावरून तुझं नापास होणं अटळ ठरत नाही. जे घडलं ते वेगळं घडू शकलं असतं का, हा विचार करायचा. दोन आणि दोन चार, हे कुठल्याही परिस्थितीत वेगळं होऊ शकत नाही. मी वसईत शिकवते हे खरं आहे, पण ठाण्याच्या कॉलेजने आधी पत्र पाठवलं असतं तर मी ठाण्यात शिकवलं असतं. तुझं नापास होणं हे दुसऱ्या जातीचं आहे, पहिल्या नव्हे. मुलगा शांतपणे ऐकून घेऊन नापास झाला.

असे नमुने पुष्कळ. पण मला सांगायचं आहे ते दीपालीबद्दल.

दीपाली कोळीवाड्यातली. आई बाजारात मासे विकायची, वडील होडीवर. पहिल्या वर्षाला होती, कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघात होती, आणि वर्गात पुढच्या बाकावर बसायची, कारण मागे बसलं की झोप येते असं तिनेच मला सांगितलं होतं. पहाटे उठून आईला मदत करून यायची.

आमच्याकडे सिद्धता लिहिण्याचे काही नियम असतात. त्यातला एक वृद्धीचा. एखादं विधान खरं असेल तर त्याला 'किंवा' लावून दुसरं कुठलंही विधान जोडता येतं. मी उदाहरण दिलं, "ऊन पडलंय. म्हणून, ऊन पडलंय किंवा बोंबील स्वस्त झालेत."

दीपालीने हात वर केला. "मॅडम, पन हे मधेच बोंबील कुठून आले?"

"कुठूनही येऊ देत. दोहोंपैकी एक खरं असलं की 'किंवा'चं वाक्य खरं."

"खरं हाय ते कळलं. पन उन्हावरून बोंबील कसे निघाले?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "तुझ्या टोपलीतून निघाले." दीपालीने वळून पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या घरी उधारीवर गेलेत ते, परत आले असतील." मी पुढचा नियम घेतला. मला तिची शंका कळली होती. तिच्या शंकेवर माझा सबंध प्रबंध होता. पण सहामाही तोंडावर आली होती. मी तिला तासानंतर सांगितलं, "शंका बरोबर आहे, पण परीक्षेत हा नियम वापर. सोपा पडतो."

"नाय वापरला तर मार्क कापनार?"

"सिद्धता बरोबर असेल तर नाही कापणार."

"मग मी नाय वापरनार," ती म्हणाली.

सहामाहीत मी एक सिद्धता घातली होती. चिन्हांमध्ये होती, पण तिचा साधा अर्थ असा लावता येईल: वारा सुटला किंवा उधाण आलं, तर होडी वर ओढायची. वारा सुटला आहे. म्हणून होडी वर ओढायची. पुस्तकी रीत अशी, की 'वारा सुटला'ला वृद्धीच्या नियमाने 'किंवा उधाण आलं' जोडायचं, मग होडी ओढायची. दोन ओळींचं काम. सगळ्या वर्गाने तसंच केलं. दोन उत्तरपत्रिका सोडून. त्या दोघांनी आधी मूळ अटीचेच तुकडे केले होते: वारा सुटला तर होडी ओढायची, आणि उधाण आलं तर होडी ओढायची. मग उधाणाची अट बाजूला ठेवून वाऱ्याच्या अटीवरून होडी ओढली होती. पानभर लांबची वाट, पण अगदी निर्दोष. आणि दोन्ही पानं अक्षरशः एकसारखी, खाडाखोडीसकट.

एक उत्तरपत्रिका दीपालीची. दुसरी तिच्या मागच्या बाकावर बसलेल्या नीरजची. नीरज विरारच्या एका नव्या टॉवरमधून यायचा आणि माझ्या तासाला क्वचित यायचा.

नियमाप्रमाणे मी दोन्ही पत्रिका वर पाठवल्या. गैरप्रकार चौकशी समिती बसली. अध्यक्ष उपप्राचार्य सामंत सर, कॉमर्सचे, टापटिपीचे. दुसरे जिमखान्याचे परेरा सर. तिसरी मी. माझ्याच पेपरची चौकशी, म्हणून मी तिथे नसायला हवं होतं, पण दिवाळीच्या सुट्टीआधी दुसरं कोणी मोकळं नव्हतं. आरोप सिद्ध झाला तर मुलाचं वर्ष जायचं. आणि दीपालीच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं, की वर्ष फुकट गेलं तर कॉलेज बंद. हे मला परेरा सरांनी सांगितलं, कारण त्यांना ते कबड्डीच्या मैदानावर कळलं होतं.

समितीची एक ठरलेली पद्धत होती. मुलाला आत बोलवायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. हे हस्ताक्षर तुझं आहे का? आरोप मान्य आहे का? आणखी काही सांगायचं आहे का? बस्स. उत्तरात काय लिहिलंय यावर काही विचारायचं नाही. मी विचारायला गेले तर सामंत सरांनी मला थांबवलं. "मॅडम, आपण इथे परीक्षक नाही. आपण चौकशी समिती आहोत."

नीरज आला. हस्ताक्षर माझं, आरोप मान्य नाही, आणखी काही सांगायचं नाही. दीपाली आली. हस्ताक्षर माझं, आरोप मान्य नाही. तिसऱ्या प्रश्नाला तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला कसलीही खूण करणं योग्य नव्हतं. ती म्हणाली, "नाय."

दोघं गेल्यावर सामंत सरांनी बोटं एकमेकांत गुंफून हात टेबलावर ठेवले. "दोघंही म्हणतात उत्तर माझं. दोघांचं खरं असू शकत नाही. म्हणजे दोघंही खोटं बोलतात."

"सर, दोघांचं खरं असू शकत नाही, यावरून एवढंच निघतं की निदान एक जण खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

"नाही, सर. तुम्ही दुसरा फुकट घातलात."

परेरा सर हसले. सामंत सर हसले नाहीत. ते म्हणाले, "बरं, हे बघा. पुस्तकात नाही अशी सिद्धता पहिल्या वर्षाच्या मुलीला सुचेल का? बाहेरून कोणीतरी लिहून दिली असण्याची शक्यता आहे की नाही?"

"शक्यता आहे."

"झालं तर मग."

"सर, शक्यता तर तुम्ही पेपर फोडल्याचीही आहे. ती कोणी नाकारू शकत नाही. तीही लिहायची का अहवालात?"

इथे माझं चुकलं असेल तर एवढंच, की उपप्राचार्यांना उदाहरणात घ्यायचं नसतं. पण मुद्दा बरोबर होता. एखादी गोष्ट शक्य आहे म्हणजे तसं घडण्यात काही विसंगती नाही, इतकंच. शक्यतेवरून वास्तवात उडी मारायला परवानगी देणारं तर्कशास्त्र अजून कोणी बनवलेलं नाही. चौकशी समित्या मात्र त्यावरच चालतात.

मग मी त्यांना सांगितलं, की ही एकच मुलगी त्या नियमाला वर्गात अडून बसली होती. तो वापरणार नाही असं तिने मला तोंडावर सांगितलं होतं. दोन ओळींचं सोडून पानभराची वाट तिने का धरली, याचं कारण माझ्याकडे आहे. नीरजकडे तसं काही कारण असेल तर त्याला विचारा.

सामंत सर म्हणाले, "मॅडम, वर्गातल्या गप्पा या प्रकरणाशी संबंधित नाहीत."

मी आयुष्यभर ज्या विषयाचा अभ्यास केला, त्याचा निकाल असा एका वाक्यात लागला.

त्या दिवशी समिती तशीच उठली. पुढच्या बैठकीला परेरा सर तयारीने आले होते. "हे बघा सर, आंतरमहाविद्यालयीन सामने सुट्टीनंतर लगेच आहेत. ही पोरगी आपली मुख्य चढाईपटू. हिला काढली तर संघ कशाला पाठवायचा? आणि कधी नव्हे ते आपलं नाव होतंय." मग सामंत सरांनी लेखनिकाला मजकूर सांगितला. तो मला पाठ आहे. "सदर विद्यार्थिनी ही महाविद्यालयाच्या कबड्डी संघाची प्रमुख खेळाडू असून तिने महाविद्यालयाच्या नावलौकिकात भर घातली आहे. सबब तिच्याविरुद्धचा आरोप सिद्ध होत नाही." खाली नीरजविरुद्धचा आरोप सिद्ध होत असल्याचं एक वाक्य.

सबब हा मोठा कामाचा शब्द आहे. कचेरीच्या मराठीत तो कशाच्याही पुढे ठेवून कशालाही जोडता येतो. वृद्धीच्या नियमाला निदान 'किंवा' लागतो.

निष्कर्ष खरा होता. मुलीने कॉपी केली नव्हती, मुलाने केली होती. कारणाचा निष्कर्षाशी काडीचा संबंध नव्हता. माझ्यासमोर सहीसाठी कागद आला. मी प्रबंध आठवला, दीपालीची आई आठवली, आणि सही केली. अडून बसले असते तर सामंत सरांनी शक्यतेवर मुलीचं वर्ष घालवलं असतं. सही करताना मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण प्रकरण तिथे संपलं नाही.

निकाल कळला तसा नीरजने कँटीनमध्ये सगळ्यांसमोर दीपालीला सांगितलं, "अरे, तू तो कबड्डी की वजह से छूट गयी. मी खेळलो असतो तर मी पण सुटलो असतो. चीटिंग आहे ही." चोराने असं म्हणावं हे विनोदी खरं, पण त्याचं निरीक्षण अचूक होतं.

दीपाली तडक स्टाफरूममध्ये आली. मी एकटीच होते.

"मॅडम, मी कबड्डीमुळे सुटले?"

"वाचलंस का अहवाल?"

"परेरा सरांनी सांगितला. मॅडम, एक विचारू? मी खरंच कॉपी केली असती, तरी असंच सोडलं असतं?"

मी खोटं बोलत नाही. त्यात लक्षात ठेवायला फार लागतं. "हो," मी म्हटलं.

"आनि कॉपी केली नसती, पन कबड्डी खेळत नसते, तर?"

"तर नसतं सोडलं."

"मग त्यांनी मी चोर नाय असं म्हटलंच नाय."

तर्कशास्त्रात याला फार मोठा मान आहे. जे घडलं ते बाजूला ठेवून, वेगळं घडलं असतं तर काय झालं असतं, हे विचारून पाहायचं. गुन्हा असो वा नसो, निकाल तोच येत असेल, तर तो निकाल गुन्ह्याबद्दल काहीच बोलत नाही. ती पहिल्या वर्षाची मुलगी नेमकी तिथे येऊन उभी राहिली होती. मी मात्र व्यवहार पाहत होते. मी म्हटलं, "दीपाली, तुझं वर्ष वाचलंय. आता खेळ, अभ्यास कर, आणि हे सोडून दे."

"नाय मॅडम. मी नाय खेळनार."

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. टोपली बाहेर ठेवून, हात पदराला पुसत. मला वाटलं मुलीची बाजू घ्यायला आली. ती माझ्यावरच उखडली. "बाय, पोरीला सोडली ना? मग गप ऱ्हायला सांग तिला. कशानं सोडली ते इचारून काय करायचंय? पोलिसानं सोडला तर मानूस पळतो, का इचारत बसतो?"

"मी तेच सांगितलं तिला," मी म्हटलं.

"मंग ऐकत का नाय?"

"तुमचीच मुलगी आहे."

"ते हाय," ती म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

आता अडचण परेरा सरांची झाली. ते दोन दिवस दीपालीच्या मागे फिरले. तिची अट एकच. कागदावरचं कारण बदला. मला सामंत सरांनी बोलावलं. "मॅडम, काय शिकवून ठेवलंय तुम्ही हिला?"

"अभ्यासक्रमातलंच, सर. तिने जास्त घेतलं."

समिती पुन्हा बसली. सामंत सर खरोखर बुचकळ्यात पडले होते. वाईट माणूस नव्हते ते. "निष्कर्ष बरोबर आहे, हे तुम्हीही म्हणता. तिलाही तोच हवाय. मग कारण कुठलं का असेना, काय बिघडलं?"

या प्रश्नावर मी पदवी मिळवली होती. तरी मी तत्त्वज्ञानात शिरले नाही. मी म्हटलं, "सर, पुढच्या वर्षी हिचा गुडघा दुखावला आणि ही संघातून गेली, तर ही चोर ठरणार का?"

"असं बोलू नका हो मॅडम," परेरा सर घाईघाईने म्हणाले. "सामने तोंडावर आलेत."

पण सामंत सरांना ते लागलं. कॉमर्सच्या माणसाला हे चटकन कळतं. कुठला डोलारा कशावर उभा आहे आणि खालचं काढलं तर काय कोसळेल, हेच तर ते शिकवतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "पण पद्धतीत फक्त तीनच प्रश्न आहेत."

"तिसराच पुन्हा विचारा. फक्त उत्तर येईपर्यंत थांबा."

त्यांनी दीपालीला बोलावलं आणि तिसरा प्रश्न विचारला. या वेळी तिने सांगितलं. होडीचं उदाहरण घेऊन, आधी अडखळत, मग सरळ. वारा सुटल्यावर होडी ओढायची तर वाऱ्याचंच बघायचं. त्याला उधाण कशाला जोडायचं? घरी बाबाला असं बोलले तर तो म्हणेल, पोरी, वारा सुटलाय तेवढं पुरे, बाकीचं राहू दे. म्हणून तिने अट आधी फोडली. सामंत सरांना सिद्धता कळली असेल असं मला वाटत नाही, पण होडी कळली. माझ्या पंथाच्या कडव्या मंडळींना तिने सिद्धतेत पुढे वापरलेला आणखी एक नियमही चालला नसता. ते मी तिला सांगितलं नाही. तिने तोही सोडला असता तर होडी पाण्यातच राहिली असती.

मग नीरज. सामंत सरांनी विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे का? हा लांबचा मार्ग तू का निवडलास?"

नीरजने आपलीच उत्तरपत्रिका उलटून पाहिली. "लांबचा आहे?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "सर, सच बोलू? मला वाटलं पुस्तकात हेच आहे. पुढे जे दिसलं ते उतरवलं. तिला माहीत पण नव्हतं."

या खरेपणाबद्दल त्याचं वर्ष वाचलं, तेवढा पेपर गेला. अहवाल नव्याने टाइप झाला. सदर विद्यार्थिनीने सिद्धतेचा मार्ग का निवडला याचं समाधानकारक स्पष्टीकरण दिलं, सदर विद्यार्थ्याने तो तिच्या नकळत उतरवल्याचं मान्य केलं, सबब तिच्याविरुद्धचा आरोप सिद्ध होत नाही. या वेळच्या 'सबब'ने पहिल्यांदाच पगाराइतकं काम केलं. कबड्डीचा उल्लेख गाळला. मी सही केली. दीपालीने कागद सावकाश वाचला, परत दिला आणि सरावाला गेली.

सामने झाले. आमच्या मुली दुसऱ्याच फेरीत हरल्या. दीपालीच्या चढाया त्या दिवशी चालल्या नाहीत, सारखी पकडली जात होती. परेरा सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

सोमवारी जिन्यात सामंत सर भेटले. हातात हजेरीपट, चेहरा पडलेला.

"हरल्या म्हणे."

"हो."

"मग आता मॅडम, तो आपला अहवाल..." ते बोलता बोलता थांबले. मी वाट पाहिली. शिकवण्याच्या धंद्यात वाट पाहणं हेच निम्मं काम. जिन्यातून मुलं वर-खाली जात होती, आम्ही भिंतीला लागून उभे होतो.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही." आणि ते आपल्या तासाला गेले.